सही मालकाची, गुंगी मुक्या जिवाला

ज्या तळवड्यात 8 डिसेंबर 2023 रोजी विनापरवाना कारखान्याच्या आगीत केकवरच्या मेणबत्त्या बनविणाऱ्या स्त्री-कामगारांचा बळी गेला, तेथे कुत्र्यांच्या केशकर्तनाची चर्चा कशाला, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. पण देखरेखीविना धंदा चालू द्यायचा आणि त्याची किंमत ज्याचे कोणी ऐकत नाही त्याने मोजायची, ही रीत दोन्हीकडे एकच आहे.

औद्योगिक पट्ट्यात गृहसंकुले वाढली, तशी कुत्र्यांना न्हाऊ घालणारी, त्यांचे केस-नखे कापणारी दुकानेही आली. घाबरलेले कुत्रे हिसडे देते, चावते, वेळ खाते. मग सोपा उपाय म्हणून गुंगीच्या औषधाचा मोह होतो. मालकाने दाराशीच एका छापील कागदावर सही केलेली असली, की दुकानदार निर्धास्त! कोणते औषध, किती मात्रा, कोणाच्या हातून, श्वास मंदावला तर पुढे काय, हे न सांगता घेतलेली सही ही संमती नव्हे. सावकाराने कोऱ्या कागदावर उठविलेल्या अंगठ्याच्याच जातीची ती आहे.

एसेप्रोमाझिनसारखे औषध कुत्र्याला निपचित करते; त्याची भीती घालवतेच असे नाही, वेदना तर शमवीतच नाही. रक्तदाब उतरतो, शरीराचे तापमान सांभाळण्याची शक्ती घटते, आणि या औषधाला खास उतारा नाही. अशा जिवाला गरम हवेच्या यंत्रापुढे बांधणे, त्यातही पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्याला, हा त्याच्या प्राणांशी खेळ आहे.

कायदा काय करतो? 1984 च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्याने पशुवैद्यकीचा अधिकार नोंदणीकृत पशुवैद्यकाला दिला. 1960 च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याच्या कलम 11 नुसार जाणूनबुजून व अकारण अपायकारक औषध देणे हा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड मात्र 10 ते 50 रुपये! एवढ्यात कुत्र्याची एक आंघोळही होत नाही.

तथापि सारा दोष कात्री धरणाऱ्या पोरावर ढकलणे हा दुसरा अन्याय होईल. कुत्र्यागणिक मजुरी मिळणाऱ्याने धीर धरायला वेळ कोठून आणावा? चावा त्याने सोसायचा, अपघात झाला तर नोकरी त्याचीच जायची, नफा तेवढा दुकानदाराचा.

म्हणून मागणी स्पष्ट हवी. गुंगी द्यायचीच तर ती पशुवैद्यकाने, कुत्र्याला तपासून द्यावी. मालकाला औषधाचे नाव व धोका त्याच्या भाषेत सांगून त्या वेळी स्वतंत्र लेखी संमती घ्यावी. नकाराचा हक्क अबाधित राहावा. महापालिकेने या दुकानांची नोंदणी व तपासणी करावी. कामगाराला प्रशिक्षण, रेबीजची लस आणि मजुरी न गमावता काम थांबविण्याची मुभा मिळावी.

घाबरलेल्या कुत्र्याचे केस आठ दिवसांनी कापले तर बहुधा काहीच बिघडत नाही. बिघडतो तो गल्ल्याचा हिशेब. आणि त्या हिशेबापायी कोणाचाही श्वास गहाण पडता कामा नये.