टांकसाळीने दप्तरे उघडावीत

हैदराबादच्या सैफाबादेत १९०३ मध्ये निजामाची टांकसाळ आली. २०२२ मध्ये तिथे संग्रहालय सुरू झाले. मराठवाड्यातल्या जुन्या मंडळींच्या तोंडी असलेला ‘हाली’ रुपया तिथलाच. इंग्रजी ‘कलदार’ त्याहून भारी, सहा कलदारांना साधारण सात हाली पडत. संग्राहकांचा जीव मात्र चलनात फिरलेल्या नाण्यांपेक्षा नमुना नाण्यांत अडकलेला असतो. ठसा नीट उमटतो का, धातू कितपत साथ देतो हे पाहण्यासाठी पाडलेल्या या मोजक्या चकत्या. वसाहतकाळाच्या अखेरच्या दशकांतल्या अशा नाण्यांवर मोठ्या बोली लागतात. माझा आक्षेप हौसेला नाही, कागदाशिवाय मोजल्या जाणाऱ्या किमतीला आहे. मुंबई आणि कलकत्त्याच्या टांकसाळी विसाव्या शतकातही जुने ठसे बाहेर काढून संग्राहकांना हवी ती नाणी पुन्हा पाडून देत. ठसा अस्सल, टांकसाळ अस्सल, फक्त नाण्यावरचे साल खरे नाही! मग दुर्मिळ कशाला म्हणायचे?

नमुन्याचे मोल त्यामागच्या निर्णयात असते. हैदराबादी रुपयावरच्या चारमिनारची मधली कमान भिंगाखाली पाहावी. निजाम महबूब अली खानांच्या काळात तिथे ‘मीम’ हे अक्षर आहे. १९११ मध्ये उस्मान अली खान गादीवर आले आणि ‘ऐन’ आला; आधी अर्धा, लवकरच पूर्ण. अर्धे अक्षर कुणाला खटकले, पुरे करण्याआधी किती नमुने पाहिले गेले, हे नाणे सांगत नाही. त्याच वर्षीच्या पंचम जॉर्जच्या रुपयावर बादशहाच्या झग्यावरचा हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला. सुमारे ९४ लाख नाणी पाडली होती, बाहेर गेली सातेक लाख. उरलेली वितळवावी लागली. मंजुरी देणाऱ्यांच्या नजरेतून ते सुटले कसे, हा प्रश्न मला कुठल्याही लिलावाच्या बोलीपेक्षा मोलाचा वाटतो.

टांकसाळीने दप्तरे उघडून वजने, ठशांचे क्रमांक आणि पुन्हा पाडलेल्या नाण्यांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या तर बनावट करणाऱ्यांचेच फावेल, असे म्हटले जाईल. पण लिलावांच्या सूचीतली ठळक छायाचित्रे त्यांच्या हाती आधीच आहेत. चाचपडतो तो प्रामाणिक ग्राहक. ही सरकारी मालमत्ता, ती खासगी हातात गेलीच कशी, हा आक्षेप अधिक गंभीर आहे. काही नमुने मागच्या दाराने गेलेही असतील; परंतु टांकसाळीने स्वतःच पाडून दिलेले कोणते आणि लंपास झालेले कोणते, याचा निवाडा नोंदींवाचून होणार नाही. कायद्यालाही त्यांची गरज आहे. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने शंभर वर्षांवरचे नाणे खासगी व्यक्तीला परदेशी नेता येत नाही. आता १९३८ च्या ठशातून काही दशकांनी पाडलेले नाणे २०३८ मध्ये शंभरीचे धरायचे की नाही, हे विमानतळावरच्या कस्टम अधिकाऱ्याने कशावरून ठरवायचे?