दूर्वांवरचा तांबेरा

एका गणेशचतुर्थीची गोष्ट. कॉलेजमागच्या बांधावरून दूर्वा खुडून आणल्या आणि एकवीस-एकवीसच्या जुड्या बांधायला बसलो. मराठीच्या प्राध्यापकावर घरात जी दोन-चार कामे निर्धास्तपणे सोपवली जातात, त्यांतले हे एक. पण सौ.ने ताम्हनात डोकावून पाहिले नि म्हणाली, “अहो, ह्या दूर्वा गंजल्यात की काय?”

पाहतो तो माझी बोटे तांबूस झालेली! पात्यांच्या पाठीवर बारीक पुटकुळ्या आणि त्यांतून विटेच्या भुकटीसारखी पूड.

तेवढ्यात माझा एक जुना विद्यार्थी दर्शनाला आला. सीनाकाठच्या खेड्यातला, आता शिक्षक आहे, शेतीही बघतो. त्याने पाते उजेडात धरले. “सर, हा तांबेरा.”

शब्द सापडला की मला राहवत नाही. ताम्र, तांबे, तांबूस, तांबेरा अशी वंशावळ मी तिथल्या तिथे सांगून टाकली. तो ऐकत होता. मग म्हणाला, “सर, दुसऱ्या वर्षाला मी दोन महिने वर्गात नव्हतो. गव्हावर हाच पडला होता. दाणा चिमला. गडी लावायला पैसे नव्हते, कापणीला मीच होतो.”

मला आठवले. हजेरीपटात त्याच्या नावापुढे मी ‘बेफिकीर’ असा शेरा मारला होता.

सौ.ने विषय सावरला. “मग दूर्वांवरचा हा रोग तुमच्या गव्हावर जायचा का?”

“नाही काकू. हरळीचा तांबेरा वेगळा, गव्हाचा वेगळा. एकमेकांच्या घरी जात नाहीत.” म्हणजे सोवळे पाळण्यात तांबेरा आपल्या आजोबांच्याही वरचढ!

मग तो सांगत गेला. तांबेरा ही बुरशी. वाळल्या पाल्यावर तिचे भागत नाही, तिला जिवंत झाडच लागते. पानात शिरून ती अन्न शोषते, मग वरची त्वचा फाडून असंख्य बीजाणू वाऱ्यावर सोडते. रोमन लोकांनी तर भीतीपोटी तांबेऱ्याचा देवच केला होता. २५ एप्रिलला त्याला कुत्र्याचा बळी देत. (ही पुस्तकी भर माझी.)

पण उन्हाळ्यात शेतात गहू नसतो, ऊनही बीजाणूंना जाळून टाकते. मग दरसाल तांबेरा येतो कुठून? हे कोडे आग्र्याच्या प्रा. करमचंद मेहता यांनी वर्षानुवर्षे खपून सोडवले. डोंगरांतल्या थंड हवेत गव्हावर तो तग धरतो आणि वाऱ्याबरोबर सपाटीवर उतरतो. आपल्याकडचा खोडावरचा तांबेरा येतो तो निलगिरी-पळणीच्या डोंगरांतून. आपण महाबळेश्वरी स्ट्रॉबेरी खायला जातो, तिथेही गव्हाच्या तांबेऱ्यावर संशोधन करणारे केंद्र आहे. तांबेऱ्याला दाद न देणारे वाण काढावे, तर काही वर्षांनी बुरशीच रूप बदलते. की पुन्हा नवे वाण शोधायचे. हा अभ्यास कधी संपायचा नाही.

इतकी वर्षे मी ‘तांबेरा’ हा शब्द शिकवला. त्याचा अर्थ समोरच्या बाकावर बसत होता आणि मी त्याची गैरहजेरी मांडत होतो.

सौ.ने स्वच्छ दूर्वा निवडून जुड्या पुन्हा बांधल्या. आरती झाली, पाने मांडली. त्याच्या पानात दुसरा मोदक वाढायला मी स्वतः उठलो. “सर, पुरे,” तो म्हणाला.

“असू दे,” मी म्हटले. “जुनी बाकी आहे.”

तो हसला, आणि त्याने पान पुढे केले.