हसवणारा माणूस पडद्यावर कुठे जातो?

गेल्या वर्षीच्या अंकात नववीतल्या एका विद्यार्थ्याचा मांडवच्या सहलीवरचा लेख आला होता. पुष्कळ पालकांनी तो आवडल्याचं आवर्जून सांगितलं. वाचकांना आठवत असेल, त्या लेखात मांडव जवळजवळ नव्हतंच. धारच्या पुढे बस बंद पडली, दुसरी येईपर्यंत तीन तास गेले, आणि आपण जहाज महालाशी पोचलो तेव्हा फाटक बंद व्हायची वेळ झाली होती. मुलांबरोबर आम्हीही रस्त्याच्या कडेला बसलो होतो. त्या तीन तासांत मुख्याध्यापकांनी मुलांची सात वेळा मोजणी केली आणि सातही वेळा आकडा वेगळा आला, असं त्यानं अगदी गंभीरपणे लिहिलं होतं. (मोजणी प्रत्यक्षात पाच वेळा झाली. असो.)

यंदाच्या स्नेहसंमेलनासाठी अकरावीच्या मुलांनी त्या लेखावर मोबाईलवर बारा मिनिटांचा चित्रपट केला. सभागृह हसून हसून दमलं. पोटाला उशी बांधून कुणीतरी आमची भूमिका केली. एकजण चिखलात घसरला, दुसऱ्याच्या डब्यातले पोहे माकडानं पळवले. लेखात ना चिखल होता ना माकड, पण ते चालायचंच. कार्यक्रम संपल्यावर मूळ लेख लिहिणारा मुलगा आमच्याकडे आला आणि म्हणाला, "सर, ह्यात मी कुठे आहे?"

तो होता. त्याची भूमिका करणारा मुलगा प्रत्येक प्रसंगात बसच्या खिडकीशी उभा होता आणि बघत होता. तेवढंच त्याचं काम. त्या दिवशी आम्ही "छान झालंय रे" म्हणून वेळ मारून नेली. उत्तर आमच्याजवळ नव्हतं. ते शोधताना आम्हांला एक इंग्रजी पुस्तक आणि त्याचा चित्रपट आठवला.

बिल ब्रायसन हा अमेरिकेत जन्मलेला आणि सुमारे वीस वर्षं इंग्लंडात राहून १९९५ साली मायदेशी परतलेला लेखक. आपल्या नव्या गावाजवळून ॲपलाचियन ट्रेल नावाची पायवाट जाते असं त्याला कळलं. दक्षिणेला जॉर्जियापासून उत्तरेला मेनपर्यंत, चौदा राज्यांतून, डोंगराडोंगरांनी जाणारी सुमारे साडेतीन हजार किलोमीटरची वाट! १९९६ साली तो ती चालायला निघाला. सोबतीला एक जुना मित्र. पुस्तकात त्याचं नाव कॅट्झ. वजन फार, तयारी शून्य. चढावर पाठीवरचं ओझं सोसेना म्हणून हा गृहस्थ रागारागानं बरोबरचं खाण्यापिण्याचं सामानच फेकून देतो. दोघांना ती वाट काही पुरी करता आली नाही. ब्रायसनचं स्वतःचं चालणं ८७० मैल, म्हणजे चौदाशे किलोमीटर भरलं. ह्या न झालेल्या पराक्रमाचं पुस्तक 'अ वॉक इन द वुड्स' १९९८ साली आलं. शाळेतल्या इंग्रजीच्या बाईंनी ते आम्हांला दिलं. इंग्रजी आम्ही शब्दकोश शेजारी ठेवून वाचतो, तरीही त्या पुस्तकानं आम्हांला रात्री मोठ्यानं हसवलं आणि घरच्यांना उठवलं.

त्यावर २०१५ साली केन क्वॅपिस ह्यांनी दिग्दर्शित केलेला चित्रपट आला. रॉबर्ट रेडफर्ड ह्यांच्या मनात तो फार वर्षं होता. कॅट्झच्या भूमिकेसाठी त्यांना पॉल न्यूमन हवे होते, पण न्यूमन २००८ साली गेले. शेवटी कॅट्झ निक नोल्टी झाले आणि ब्रायसन स्वतः रेडफर्ड. (रेडफर्डही आता नाहीत, २०२५ साली गेले.) पुस्तकातली माणसं पंचेचाळिशीच्या आसपासची, पडद्यावरची सत्तरी ओलांडलेली. त्यामुळे मूळची मध्यमवयाची फजिती म्हातारपणाची गोष्ट होऊन बसली. तीही वाईट नाही. नोल्टींचा तो खरखरीत आवाज आणि धापा टाकत येणं बघण्यासारखं आहे. आम्हांला पडद्यावरचा कॅट्झ पुस्तकातल्यापेक्षा तसूभरही कमी वाटला नाही.

कमी वाटला तो ब्रायसन. पुस्तकातला सगळ्यांत विनोदी माणूस तोच, आणि चित्रपटातला सगळ्यांत गंभीर माणूसही तोच! कारण उघड आहे. पुस्तकात तो फारसं काही करत नाही, तो सांगतो. विनोद त्याच्या सांगण्यात आहे. पडद्यावर सांगणं काढून घेतलं की उरतो एक सभ्य, अबोल गृहस्थ, मित्राच्या उचापती बघत उभा. आमच्या मांडवच्या बसच्या खिडकीतल्या मुलासारखाच.

अस्वलांचं उदाहरण बघा. निघण्यापूर्वी ब्रायसन अस्वलांच्या हल्ल्यांवरचं पुस्तक वाचतो आणि स्वतःला पुरेसं घाबरवून ठेवतो. मग एका रात्री तंबूबाहेर खसखस होते. विजेरीच्या उजेडात दोन जनावरांचे डोळे चमकतात. ह्याच्याजवळ शस्त्र म्हणून काय, तर नखं कापायचं यंत्र. कॅट्झला झोप मोडल्याचाच राग. ते डोळे अस्वलांचे होते की हरणांचे हे शेवटपर्यंत कळत नाही, आणि न कळण्यातच सगळी गंमत आहे. चित्रपटात मात्र खरीखुरी अस्वलं मुक्कामावर येतात आणि हे दोघे उभे राहून आरडाओरडा करून त्यांना पळवतात. प्रेक्षक हसतो, पण त्याचं हसणं निराळं. कॅमेऱ्याला दाखवावंच लागतं. "काय होतं कोण जाणे" हे त्याला सहसा म्हणता येत नाही. पुढे दोघे कड्यावरून घसरून खालच्या कपारीत अडकतात, तो प्रसंगही पुस्तकातला नव्हे. सांगण्याची जागा रिकामी झाली की ती भरायला घसरणं लागतं. अकरावीच्या मुलांनी चिखल आणला, हॉलिवूडनं कडा आणला.

ह्या वाटेची कल्पना १९२१ साली बेंटन मकाय ह्या माणसानं कशी मांडली, अमेरिकेतले चेस्टनटचे वृक्ष रोगानं कसे नाहीसे झाले, पेनसिल्व्हेनियातल्या सेंट्रालिया गावाखाली १९६२ पासून कोळशाची खाण कशी जळते आहे, हे पुस्तकात हसता हसता कळतं. चित्रपटात त्यातलं बहुतेक गळून गेलं.

हा विषय शाळेच्या पत्रिकेत कशाला, असं कुणी म्हणेल. त्याला कारण आहे. काही पालकांनी लेखी सुचवलं आहे की शनिवारचा वाचनालयाचा तास बंद करून त्या वेळात मुलांना पुस्तकांवरचे चित्रपट दाखवावेत. मुलं वाचत नाहीत, निदान गोष्ट तरी कळेल. सूचना तळमळीनं केलेली आहे, पण आम्हांला ती मान्य नाही, आणि ह्यात थोडी आमची स्वतःची गोष्ट आहे.

आमचं पदवीपर्यंतचं सारं शिक्षण हिंदी माध्यमात झालं. घरी मराठी, बाहेर हिंदी, इंदूरच्या घराघरांत असतं तसंच. वडील पु. ल. देशपांड्यांची 'अपूर्वाई' वाचताना एकटेच हसत. आम्ही ते पुस्तक उघडलं तेव्हा बोट कुठे गेली, लंडनला काय पाहिलं, सगळं समजलं. हसू मात्र आलं नाही. शब्दांचा अर्थ कळत होता, तिरकेपणा कळत नव्हता. पुढे कित्येक वर्षांनी वडिलांनी त्यातलीच काही पानं मोठ्यानं वाचून दाखवली, तेव्हा कुठे कान उघडले. परक्या भाषेतली गोष्ट लवकर कळते, विनोद सगळ्यांत शेवटी. आपल्या मुलांचं मराठी आज नेमकं त्या उंबरठ्यावर अडलं आहे. "जेवायला चला" कळतं, त्यातली टोचणी कळत नाही. चित्रपट त्यांना बोट दाखवील, लंडन दाखवील. ते तर कुठल्याही भाषेत दिसलं असतं.

पु. लं.ना चित्रपट येत नव्हता असं नाही. 'गुळाचा गणपती' १९५३ सालचा, त्यात जवळजवळ सगळं त्यांचंच. तरी 'बटाट्याची चाळ' लोकांपुढे न्यायची वेळ आली तेव्हा ते एकटे रंगमंचावर उभे राहिले. 'वऱ्हाड निघालंय लंडनला' करणारे लक्ष्मण देशपांडेही एकटेच. आमच्या हिंदीतले शरद जोशी (शेतकरी संघटनेचे नव्हेत, आपल्या उज्जैनचे) कविसंमेलनात कवींच्या गर्दीत उभे राहून गद्य वाचत आणि मैफल मारून नेत. दूरदर्शनसाठी त्यांनी १९८४ साली 'ये जो है ज़िंदगी' लिहिली ती मात्र नव्यानं, घरातल्या माणसांच्या बोलण्यावर उभी केलेली. कुठली गोष्ट दाखवायची आणि कुठली सांगायची, हे ह्या मंडळींना पक्कं ठाऊक होतं.

म्हणून शनिवारचा तास राहील. त्यात एक बदल करतो आहोत. प्रत्येक तासाला कुणीतरी दहा मिनिटं मोठ्यानं वाचेल, सुरुवात शिक्षकांपासून. आजी-आजोबांपैकी कुणाला यायचं असेल तर कार्यालयात नाव द्यावं. चित्रपट सत्राअखेरीस, पुस्तक वाचून झालेल्यांसाठी.

अकरावीच्या मुलांना आम्ही मूळ लेखकाला बरोबर घेऊन चित्रपट पुन्हा जुळवायला सांगितलं आहे. आता निवेदन त्याच्या आवाजात असेल. माकड राहणार की जाणार ह्यावर त्यांच्यात अजून वाद चालू आहे. मोजणीचा प्रसंग नव्यानं घ्यायचा आहे आणि त्यात आम्ही स्वतःच काम करावं असा त्यांचा आग्रह आहे. आम्ही एका अटीवर होकार दिला आहे, मोजणी पाचच वेळा दाखवायची. लेखक सातावर अडून बसला आहे.