जुनी मोटार, नवी वीज आणि खर्चाचा हिशेब

आमच्या शाळेचा एक माजी विद्यार्थी गेल्या दिवाळीच्या सुटींत भेटीस आला, तो हातांत एक कागद घेऊनच. त्याच्या वडिलांची १९७४ सालची पद्मिनी मोटार अद्याप घरीं आहे. तिचें एंजिन काढून त्या जागीं विजेची मोटर व बॅटरी बसवून देण्याचें अंदाजपत्रक एका कारखानदारानें त्यास दिलें होतें. आंकडा सहा लक्ष रुपयांचा होता आणि खालीं ठळक अक्षरांत लिहिलें होतें कीं, हा खर्च पेट्रोलच्या बचतींतून दोन वर्षांत भरून निघेल. "सर, कर्ज काढूं का?" एवढेंच त्याचें विचारणें होतें. कर्जास तारण म्हणून मुलीच्या शिक्षणासाठीं ठेवलेली ठेव द्यावयाची होती, हें त्यानें मागाहून, निघतां निघतां सांगितलें.

पद्मिनी म्हणजे काय हें आजच्या मुलांस समजावून द्यावें लागतें. इटलींतील फियाट ११०० ही गाडी कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यांत तयार होऊं लागली व पुढें तिला चितोडच्या राणीचें नांव मिळालें. एंजिन १०८९ घन सेंटिमीटरचें, गिअरचा दांडा सुकाणूच्या खांबावर, वजन नऊशें किलोच्या आंतबाहेर. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणजे हीच गाडी, असें दोन पिढ्यांनीं मानलें. वीस वर्षांच्या वयोमर्यादेमुळें ऑक्टोबर २०२३ मध्यें शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली.

उत्तर देण्यापूर्वीं आम्हीं तो प्रश्न दहावीच्या वर्गांत फळ्यावर मांडला. गाडी लिटरमागें १२ किलोमीटर जाते व पेट्रोलचा दर १०४ रुपये आहे, असें धरलें. म्हणजे किलोमीटरास साडेआठ रुपयांहून किंचित् अधिक. विजेच्या बाजूस शंभर किलोमीटरांस १५ युनिटें लिहिलीं, तोंच मागच्या बांकावरील एका मुलीनें उठून विचारलें कीं, बॅटरी भरतांना जी वीज उष्णतेच्या रूपानें वायां जाते ती कोणीं मोजावयाची? मीटर तर तीही मोजतो. तिचें म्हणणें रास्त होतें. आम्हीं १५ पुसून १७ लिहिलीं. युनिटास १० रुपये या दरानें किलोमीटरास १ रुपया ७० पैसे आले. बचत किलोमीटरामागें सुमारें सात रुपये.

येथपर्यंत कारखानदाराचें म्हणणें खरें ठरतें व तें आम्ही मोकळेपणानें मान्य करितों. एक लिटर पेट्रोलांत सुमारें ९ युनिटांइतकी ऊर्जा असते. जुनें एंजिन तिच्यांतील तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग उष्णता म्हणून हवेंत सोडून देतें आणि उरलेल्या भागावर १२ किलोमीटर चालतें. तितक्याच युनिटांवर विजेची गाडी पन्नासांवर किलोमीटर जाते. आपल्याकडील वीज बहुतांशीं कोळशावर होते व त्या ठिकाणींच जवळजवळ दोन-तृतीयांश उष्णता वायां जाते, हें लक्षांत घेतल्यास हें चौपटीहून अधिक अंतर दीडपटीच्या आसपास येतें. तेंही कांहीं थोडें नव्हे, आणि गल्लींत धूर नाहीं तो नाहींच.

मग खोट कोठें आहे? ती किलोमीटरांत आहे. किलोमीटरास सात रुपये वांचवून सहा लक्ष जमवावयाचे तर गाडीनें सुमारें ८५,७०० किलोमीटर धांवलें पाहिजे. दोन वर्षांत तें व्हावयाचें तर रोज, एकही दिवस न चुकतां, ११७ किलोमीटर. आमचा विद्यार्थी ही गाडी रविवारीं काढतो. आठवड्यास पन्नास किलोमीटर झाले तर पुष्कळ. त्या मानानें भरपाईस ३३ वर्षें लागतात! ऑइल, प्लग, कार्बुरेटर यांचे वर्षाचे दहा हजार वांचतात असें धरलें तरी २१ वर्षें होतात, आणि कर्जाचें व्याज आम्हीं यांत धरलेंच नाहीं. नव्या विजेच्या गाड्यांच्या बॅटरीस कारखाने बहुधा ८ वर्षांची हमी देतात. बॅटरी उभ्या गाडींतही म्हातारी होते. रविवारीं वापरली म्हणून ती सातपट टिकत नाहीं.

हाच हिशेब रोज शंभर किलोमीटर चालणाऱ्या टॅक्सीवाल्यास लावला तर तीन वर्षांच्या आंत पैसे फिटतात. ज्या पद्मिनीस हा बदल फायद्याचा झाला असता ती मोडींत गेली, आणि जी उरली आहे तिला तो परवडत नाहीं, ही गोष्ट आम्हांस थोडी विचित्र वाटते.

आणखी एक बाब अंदाजपत्रकांत नव्हती. २०२१ सालीं केंद्र सरकारनें केलेल्या नियमांप्रमाणें पन्नास वर्षांहून जुनी गाडी मूळ रूपांत राखलेली असेल तरच तिची विंटेज म्हणून नोंद होते. एंजिन बदलल्यास तो मान जातो. जुन्या मोटारींचा फीव्हा हा आंतरराष्ट्रीय संघही विजेवर आणलेल्या गाडीस ऐतिहासिक मानीत नाहीं. शिवाय असा बदल करावयाचा तर साहित्य पुण्याच्या ए. आर. ए. आय. सारख्या संस्थेनें तपासून मान्य केलेलें हवें, व परिवहन कचेरींत नोंद हवी. बॅटरीचें वजन वाढलें आणि चारही चाकांस जुनेच ड्रम ब्रेक राहिले, तर घाटांत काय होईल याचा विचार आम्हांस तर करवत नाहीं.

ज्या गाडीचें मूळ एंजिन कधींच नाहींसें झालें आहे व केवळ सांगाडा उरला आहे, तिला विजेवर चालवणें भंगारांत घालण्यापेक्षां केव्हांही बरें. कोणास त्या निःशब्द चालण्याची आवड असेल व पैसाही असेल, तर त्यानेंही खुशाल करावें. मात्र त्यास हौस म्हणावें, बचत म्हणूं नये.

आम्हीं विद्यार्थ्यास फळ्यावरील सर्व हिशेब उतरून पाठविला व खालीं 'नको' असें लिहिलें. परवां त्याचें उत्तर आलें. ठेव जागच्या जागीं आहे. कार्बुरेटर साफ करून घेतला असून वडिलांनीं स्वतः गाडी खोपोलीपर्यंत नेऊन आणली. लिटरमागें किती पडलें, हें मात्र त्यानें अद्याप कळविलेलें नाहीं.