राखणीला एक, तपासणीला दुसरा

परवा शेजारच्या काकांनी हाक मारली. "कॉम्प्युटर सुरू करून चहा टाकतो, चहा पिऊन होतो, तरी याचं गोल गोल फिरणं संपत नाही." जाऊन पाहिलं तर घड्याळाशेजारी संरक्षणाची तीन चिन्हं. एक दुकानदाराने मशीनबरोबर दिलेलं, दुसरं पुतण्याने टाकलेलं आणि तिसरं काकांनी स्वतः घेतलेलं. 'तुमच्या संगणकाला धोका आहे' असं बजावणारी खिडकी अचानक उघडली, म्हणून घाबरून. पेन्शनचं खातं ते याच मशीनवर बघतात. एकाच्या हातून निसटलं तर दुसरा धरेल, असा त्यांचा हिशेब.

तो हिशेब मला परका नाही. 2005 च्या सुमारास आमच्या घरच्या विंडोज एक्सपीवर मीही स्पायवेअर, म्हणजे चोरून शिरणारे हेर प्रोग्राम, शोधून काढणारी ॲड-अवेअर आणि स्पायबॉट अशी दोन साधनं ठेवत होते. तेव्हाचं स्पायवेअर ब्राउझरमध्येच ठाण मांडायचं. नको ते टूलबार चिकटायचे, होमपेज परस्पर बदलायचं. कूलवेबसर्च एकदा शिरलं की ते काढण्यात अख्खा रविवार जायचा. ॲड-अवेअरला जे दिसलं नाही ते स्पायबॉटला सापडे, कधी उलटं होई, कारण दोघांच्या धोक्यांच्या याद्या वेगवेगळ्या माणसांनी बनवलेल्या. जाणकारही दोन्ही वापरा म्हणूनच सांगत.

पण त्या सल्ल्यातली एक गोष्ट पुढे विसरली गेली. मोफतचं ॲड-अवेअर आपण चालवलं तरच तपासायचं, एरवी गप्प असायचं. काकांकडची तिन्ही मात्र चोवीस तास जागी होती.

जागं असणं म्हणजे काय, ते काकांना नीट सांगितलं. तुम्ही एखादी फाईल उघडता तेव्हा हा प्रोग्राम मध्येच ती अडवतो, तपासतो आणि मग सोडतो. असे दोन असले की पहिला तपासायला फाईल उघडतो, आणि ते उघडणं दुसऱ्याच्या नजरेत येतं. मग तोही तपासायला बसतो. प्रत्येक फाईलला हीच गत. कधी एकाने बंदिस्त करून ठेवलेली फाईल दुसऱ्याला जिवंत धोका वाटते आणि पुन्हा इशारे सुरू होतात. मशीन थकतं, क्वचित गोठूनही जातं. विंडोज 10 आणि 11 मध्ये दुसरं अँटीव्हायरस टाकलं की मायक्रोसॉफ्टचं डिफेंडर आपणहून मागे सरतं, ते याचसाठी.

तिसऱ्या प्रोग्रामचा मला खरा राग आला. अशी भीती दाखवून विकली जाणारी बनावट संरक्षणं एक्सपीच्या काळातही होती. स्पायशेरिफ, विनफिक्सर ही त्यातली गाजलेली नावं. नसलेले धोके दाखवायचे आणि ते काढायला पैसे मागायचे, हा धंदा अजून चालू आहे. आयुष्यभर नेकीने नोकरी केलेल्या माणसाला म्हातारपणी असं घाबरवणं मला अतिशय नीच वाटतं. तो प्रोग्राम आधी काढला आणि त्यासाठी कार्ड वापरलं होतं म्हणून बँकेला फोन करायला लावला. मग पुतण्याचं काढलं, मशीन बंद करून पुन्हा चालू केलं. दुकानदाराचं मुदतीत होतं, ते राखणीला ठेवलं. डिफेंडरमध्ये अधूनमधून तपासणी करण्याची सोय असते, ती चालू केली. दुसरी नजर लागते ती एवढीच.

काकांना तरीही धीर होईना. "आणि तेवढ्यात काही शिरलं तर?" तेव्हा डिफेंडरची ऑफलाइन तपासणी चालवून दाखवली. ती मशीन पुन्हा सुरू करून, विंडोज उभं राहण्याआधीच शोध घेते, त्यामुळे लपून बसलेल्यालाही आडोसा मिळणं अवघड जातं. निळसर पडद्यावर आकडे सरकत होते आणि काका खुर्ची ओढून समोर बसले होते. काही सापडलं नाही. त्यांनी चष्मा पुसला, कॅलेंडरवर पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी पेनाने 'तपासणी' लिहिलं आणि स्वयंपाकघराकडे वळून काकूंना म्हणाले, "आता पेन्शन बघतो."