जुने हॉरर गेम आज खेळायचे कसे? रिमेक, मूळ गेम की इम्युलेटर?

मागच्या पावसाळ्यात माझा मावसभाऊ आठ दिवस राहायला आला होता. वय सतरा, दिवसभर फोनवर बॅटल रॉयल. एका रात्री मी लॅपटॉपवर १९९६ चा पहिला 'रेसिडेंट ईव्हिल' लावला, तर म्हणाला, "दादा, या ठोकळ्यांना घाबरायचं?" मी काही बोललो नाही. लाइट घालवली, इअरफोन दिले आणि कंट्रोलर त्याच्या हातात ठेवला. वीसेक मिनिटांनी त्या प्रसिद्ध कॉरिडॉरमध्ये काच फुटून कुत्रा आत आला आणि पठ्ठ्या एवढ्या जोरात ओरडला की मावशी जागी झाली.

दुसऱ्या दिवशी त्याचा प्रश्न: "हे माझ्या फोनवर कसं खेळायचं?" प्रश्न साधा आहे, उत्तर तेवढं साधं नाही. म्हणून हा लेख.

जुने गेम आत्ताच का चर्चेत आले?

२०२४ हे वर्ष यासाठी महत्त्वाचं ठरलं. एप्रिलमध्ये ॲपलने ॲप स्टोअरवर रेट्रो गेमच्या इम्युलेटरना परवानगी दिली. जूनमध्ये कॅपकॉमने मूळ 'रेसिडेंट ईव्हिल' जीओजी या ऑनलाइन दुकानात विकायला ठेवला आणि पुढच्या काही महिन्यांत दुसरा आणि तिसरा भागही आला. ऑक्टोबरमध्ये 'सायलेंट हिल २'चा रिमेक आला. जानेवारी २०२५ मध्ये 'डायनो क्रायसिस'चे दोन्ही जुने भागही जीओजीवर आले.

ही झाली चांगली बाजू. आता दुसरी. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये केलेल्या पाहणीनुसार, अमेरिकेत २०१० च्या आधी आलेल्या गेमपैकी ८७ टक्के गेम आज बाजारात विकतच मिळत नाहीत. 'पी.टी.'चंच बघा. ऑगस्ट २०१४ मध्ये प्लेस्टेशन ४ वर फुकट आलेला हा छोटासा हॉरर डेमो एप्रिल २०१५ मध्ये स्टोअरवरून काढला गेला. ज्यांनी तो एकदा डिलीट केला, त्यांना पुन्हा डाउनलोड करण्याचा सरळ मार्ग उरला नाही.

म्हणजे कुठे खेळायचं यासोबत दुसराही प्रश्न आहे: आज मिळणारा गेम उद्या मिळेल का?

आधी समजून घेऊ, भीती येते कुठून?

गंमत अशी की जुन्या हॉरर गेमची बरीचशी भीती मशीनच्या कमजोरीतून आली आहे. १९९९ च्या 'सायलेंट हिल'मधलं धुकं आठवा. पहिल्या प्लेस्टेशनला लांबपर्यंतचं शहर एकदम दाखवणं झेपत नव्हतं, म्हणून ते धुक्यात झाकलं. पण त्यामुळेच दोन पावलांवर काय आहे ते कळेनासं झालं. 'रेसिडेंट ईव्हिल'मध्ये प्रत्येक दार सावकाश उघडताना दिसतं, कारण तेवढ्या वेळात पुढची खोली लोड होत असते. खेळणाऱ्याचा जीव मात्र तेवढ्यात टांगणीला लागतो.

त्यात कॅमेरा एकाच जागी खिळलेला, म्हणजे कोपऱ्यापलीकडे काय आहे ते फक्त आवाजावरून ओळखायचं. आणि गेम सेव्ह करायला लागते टाइपरायटरची शाईची रिबन. ती मोजकीच असते. ख्रिस घेऊन खेळलात तर खिशात फक्त सहा वस्तू मावतात, जिल घेतली तर आठ.

त्यामुळे कुठलाही पर्याय निवडताना मी एकच गोष्ट तपासतो: या अडचणी त्यात शिल्लक आहेत का?

पर्याय पहिला: रिमेक

रिमेक वाईट असतात असं मी अजिबात म्हणणार नाही. पहिल्या 'रेसिडेंट ईव्हिल'चा २००२ मधला रिमेक, जो २०१५ पासून एचडी रूपात पीसी आणि कन्सोलवर मिळतो, त्यात खिळलेला कॅमेराही आहे आणि रिबनही. पहिल्यांदाच खेळणार असाल तर इथून सुरुवात केली तरी चालेल. २०१९ चा 'रेसिडेंट ईव्हिल २' मात्र वेगळा आहे. कॅमेरा थेट खांद्यामागे आला आणि रिबन फक्त हार्डकोर मोडमध्ये उरली. गेम म्हणून जबरदस्त, पण १९९८ च्या गेमची जागा तो घेऊ शकत नाही.

आणि जुनं रंगवून विकणं नेहमी जमतंच असं नाही. २०१२ मध्ये 'सायलेंट हिल एचडी कलेक्शन' बनवताना कोनामीकडे गेमचा अंतिम सोर्स कोडच सापडला नाही. अपुऱ्या कोडवर काम करावं लागलं, बग आले आणि धुकंसुद्धा नीट जमलं नाही.

पर्याय दुसरा: मूळ गेम

लॅपटॉप किंवा पीसी असेल तर माझी पहिली पसंती हीच. जीओजीवरचे गेम डीआरएमशिवाय येतात. इन्स्टॉलरची फाइल डाउनलोड करून हार्ड डिस्कवर ठेवली की खेळताना इंटरनेट लागत नाही आणि दुकानातून गेम गायब झाला तरी फाइल तुमच्याकडेच राहते. बाकी बऱ्याच दुकानांत 'बाय' बटण दाबून आपल्याला मिळतं ते फक्त लायसन्स. कॅलिफोर्नियात जानेवारी २०२५ पासून दुकानांना ही गोष्ट ग्राहकाला स्पष्ट सांगावी लागते. आपणही खरेदीआधी हे वाचायची सवय लावायला हवी.

पर्याय तिसरा: फक्त फोनच आहे

आयफोन १५ प्रो किंवा त्यापुढचा प्रो असेल तर 'रेसिडेंट ईव्हिल २' आणि '४'चे रिमेक त्यावर चालतात. सुरुवातीचा भाग फुकट असतो, आवडलं तरच पैसे भरायचे. अँड्रॉइडवाल्यांसाठी २०१४ चा 'एलियन: आयसोलेशन' आहे. २०२१ मध्ये तो मोबाइलवर पूर्णच्या पूर्ण आला. सगळ्या फोनवर चालत नाही, म्हणून आपलं मॉडेल आधी यादीत बघा.

आणि इम्युलेटर?

इम्युलेटर म्हणजे जुन्या कन्सोलची नक्कल करणारं सॉफ्टवेअर. ते वापरणं हा प्रश्न नाही, गेमची फाइल कुठून आणली हा प्रश्न आहे. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम ५२ कायदेशीर प्रत असणाऱ्याला प्रोग्रॅमचा बॅकअप करू देतं. कुठल्याशा साइटवरून उचललेली फाइल त्यात बसत नाही. शिवाय अशा साइटवर गेमच्या नावाखाली भलतंच एपीके गळ्यात पडायची भीती असतेच.

पण खरं सांगायचं तर इथे दोष फक्त खेळणाऱ्याचा नाही. २००२ चा गेमक्यूबवरचा 'इटर्नल डार्कनेस' पुन्हा कधीच विक्रीला आला नाही. पैसे द्यायला तयार असलेल्यांनी ते द्यायचे कुणाला? ऑक्टोबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या कॉपीराइट ऑफिसने लायब्ररींना असे बंद पडलेले गेम संशोधकांना दुरून दाखवायची परवानगीही नाकारली. कंपन्या विकत नाहीत आणि लायब्ररीला देता येत नाहीत, मग लोक आडवाटेने जाणारच.

माझाही एक कबुलीजबाब. कॉलेजात असताना मी 'सायलेंट हिल' इम्युलेटरवर खेळलो. फाइल कुठून आणली ते न विचारलेलं बरं. दर दोन मिनिटांनी सेव्ह स्टेट, मेलो की लगेच मागे. दोन संध्याकाळींत गेम संपला आणि मी एकदाही घाबरलो नाही. सगळ्यात सोयीच्या बटणाने गेमच मारून टाकला होता.

खेळायला बसण्याआधी

- टचस्क्रीनवरची बटणं अर्धं चित्र झाकतात. साधा ब्लूटूथ कंट्रोलर घ्या.
- इअरफोन शक्यतो वायरचे. ब्लूटूथवर आवाज किंचित उशिरा येतो आणि इथे सगळा खेळ आवाजाचा आहे.
- चित्र ४:३ ठेवा, ताणू नका. हे गेम जुन्या काचेच्या टीव्हीसाठी बनले होते. सीआरटी फिल्टर असेल तर लावा, ठोकळे बरेच मऊ दिसतात.
- सेव्ह स्टेटला हात लावू नका.
- फोन डू नॉट डिस्टर्बवर टाका.

थोडक्यात, पीसी असेल तर मूळ गेम, आणि तोही फाइल आपल्याकडे राहील अशा दुकानातून. तो मिळत नसेल तर रिमेक, आणि फक्त फोन असेल तर अधिकृत पोर्ट.

मावसभावाने घरी जाऊन वडिलांच्या जुन्या कॉम्प्युटरवर स्वतःची कॉपी घेतली. परवा रात्री एक वाजता त्याचा मेसेज आला: "दादा, रिबन संपली. आता काय करू?"

मी उत्तर दिलं नाही. झोपलो असं समजेल.