‘अ‍ॅबॉलिश’चा अर्थ

इंग्रजीच्या तासाला आपण ‘अ‍ॅबॉलिश’ म्हणजे ‘नष्ट करणे’ असे पाठ करतो. मला हा अर्थ अपुरा वाटतो. घर पडते, पाऊस थांबतो, रोग बरा होतो. तेथे हे क्रियापद चालत नाही. ते चालते कायदा, कर, पद, प्रथा यांच्यासाठी, आणि कर्ता असतो सत्ता हाती असणारा. १८३३ साली ब्रिटिश संसदेने बहुतेक वसाहतींतील गुलामगिरी कायद्याने बंद केली, तेव्हा हाच शब्द वापरला.

आपल्या संविधानात अस्पृश्यतेविषयीच्या १७ व्या अनुच्छेदातही तोच आहे. संविधान सभेने तो २९ नोव्हेंबर १९४८ रोजी संमत केला. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. मुकुटबनला आजीला या अनुच्छेदाचा अर्थ सांगितला, तर ती म्हणाली, “नष्ट झाली, तं मंग शिक्षा कोनाले?”

प्रश्न बिनतोड आहे. त्याच अनुच्छेदात पुढे मनाई आहे, शिक्षाही आहे. शिवाय १९५५ आणि १९८९ चे कायदे करावे लागले. नष्ट झालेल्या गोष्टीला कोणी मनाई करीत नाही!

म्हणून ‘अ‍ॅबॉलिश’ म्हणजे मान्यता काढून घेणे, असे माझे मत आहे. ते काम संविधानाने केले. पाणवठा, पंगत, लग्नाची बोलणी येथले काम उरले आहे. त्यासाठी मराठीत साधे क्रियापद आहे : मोडणे. रूढी मोडायला संसद लागत नाही, माणूस लागतो. मित्रमैत्रिणींनो, हे क्रियापद प्रथमपुरुषी, वर्तमानकाळी चालवू या.